यंत्रमानवाने हसत हसत हात दिला

वाशीतल्या एका मराठी शाळेत मी सातवी 'ब'ला मराठी शिकवत असे. नव्वदचं दशक सरत आलं होतं, मी अजून तिशीच्या आत होते आणि माझ्या समजुतीप्रमाणे मला सगळं कळत होतं. वर्गात पाय ठेवला की आधी फळा पुसायचा, उजव्या कोपऱ्यात तारीख-वार, डाव्या बाजूला एकाखाली एक मुद्दे. निबंध असो, पत्र असो, नाही तर सहलीचा वृत्तान्त, मुद्द्यांशिवाय माझ्या वर्गात पेनाचं टोपण निघत नसे. शिक्षकखोलीत यावरून माझी थट्टा व्हायची. "या बाई स्वतःच्या लग्नाची पत्रिकासुद्धा मुद्देसूद छापतील," असं पीटीचे सर म्हणायचे. मला राग येत नसे, उलट आतून बरंच वाटे. मुद्देसूद असणं म्हणजे शहाणं असणं, असं माझं ठाम मत होतं. मतांच्या बाबतीत मी कधी कंजुषी केली नाही.

शाळेचे दिवस तेव्हा काळजीचे होते. आजूबाजूच्या सेक्टरांत इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या होत्या आणि ज्यांना परवडेल ते पालक आपली मुलं तिकडे घालत होते. आमच्याकडे होती ती मार्केटातल्या माथाडी कामगारांची, कारकुनांची, तळवलीसारख्या जुन्या गावांतली आणि तुर्भ्याच्या कंपन्यांत राबणाऱ्यांची मुलं. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, एकच ध्यास लागला होता. आपली शाळा मागे पडलेली नाही, हे पालकांना दिसलं पाहिजे. त्यासाठी दोन कॉम्प्युटर आणून त्यांच्यावर भरतकामाचे रुमाल घालून ठेवले होते. त्यासाठीच एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, की सातवीच्या दोन्ही तुकड्यांना विज्ञानाचा सिनेमा दाखवायचा.

सिनेमा होता परदेशी, कार्टूनचा, हिंदीत डब केलेला. सकाळच्या खेळाला शाळेसाठी थेटर ठरवलं होतं. मुलं दोन-दोनच्या रांगेत सेक्टर ओलांडत चालत गेली, पुढे पीटीचे सर शिट्टी वाजवत, मागे मी. कितीतरी मुलांनी थेटर आतून पहिल्यांदाच पाहिलं. खुर्ची आपोआप मिटते म्हणून सिनेमा सुरू होईपर्यंत ती उठबस करत होती.

गोष्ट साधी होती. दूरच्या एका ओसाड ग्रहावर एक यंत्रमानव एकटाच असतो. येणाऱ्या-जाणाऱ्या यानांना वाट दिसावी म्हणून उंच मनोऱ्यावरचा दिवा पेटता ठेवायचा, एवढंच त्याचं काम. एक छोटा मुलगा आपलं यान घेऊन तिथे कोसळतो. यंत्रमानव त्याला जपतो, खाऊ घालतो आणि यान दुरुस्त करायला घेतो. सुटे भाग मिळत नाहीत तेव्हा तो स्वतःचेच भाग काढून यानाला लावत जातो. आधी छातीवरचं झाकण, मग एक डोळा, आणि शेवटी अख्खा उजवा हात. हात काढताना तो हसतो. यान उडतं, मुलगा आपल्या घरी जातो आणि यंत्रमानव डावा हात हलवत मनोऱ्याखाली उभा राहतो. संगीत वाढत जातं आणि सिनेमा संपतो.

हात काढण्याच्या प्रसंगाला सगळं थेटर टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसताना मुलांनी मला पाहावं असंही मला वाटत होतं. आमच्या बाई किती हळव्या आहेत, हे त्यांना कळायला नको?

बाहेर पडताच प्रत्येकाकडे मत तयार होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "इतका संस्कारक्षम सिनेमा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नाही." पीटीचे सर म्हणाले, एकही मारामारी नाही तरी पोरं झोपली नाहीत, म्हणजे चांगलाच असणार. थेटरच्या दारावरचा माणूस मला म्हणाला, "मॅडम, आठवडाभर खेळ रिकामा चाललाय. आज पयल्यांदा टाळी ऐकली." हार्डवेअरच्या दुकानदाराच्या मुलाला एकाच गोष्टीचा राग आला होता. एवढं मोठं यान बनवता येतं आणि स्पेअर पार्टचं दुकान कसं काढता येत नाही? तळवलीचा एक मुलगा रस्ताभर सगळ्यांना समजावत होता, "आमचे खाडीवं आना त्याला. खारं पानी लागलं का आठ दिसांत गंजल. तिकरं खाडी नाय म्हनून टिकला हाय." मी त्याला रांगेत नीट चालायला सांगितलं.

ही सगळी मतं मला ऐकू येत होती आणि त्यातलं एकही मला मत वाटत नव्हतं. मत म्हणजे मुद्द्यांत बसणारं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, 'आम्ही पाहिलेला विज्ञानपट: माझे मत.' खाली चार मुद्दे. कथानक. चित्रे व संगीत. आवडलेला प्रसंग. मिळालेला बोध. "मत तुमचं, मुद्दे फळ्यावरचे," असं मी मुलांना सांगितलं. हे वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते 'अ' तुकडीतही जाऊन वापरलं. मुलांनी घरी फुलस्केप कागदांवर लिहिलं, सकाळी आणून दिलं आणि संध्याकाळी गठ्ठा घेऊन मी घरी आले.

पंचेचाळीस कागद एकसारखे होते. आवडलेला प्रसंग: हात देण्याचा. मिळालेला बोध: त्याग. कुणी 'थोर त्याग' लिहिलं होतं, कुणी 'महान त्याग', आणि स्पेअर पार्टवाल्याने 'तेग' लिहून पुढे उद्गारचिन्ह दिलं होतं. मी समाधानाने बरोबरच्या लाल खुणा करत सुटले. मग शेहेचाळिसावा कागद आला.

तो ज्या मुलीचा होता, ती तिसऱ्या बाकावर बसायची. घट्ट दोन वेण्या, निळ्या रिबिनी, आणि विचारल्याशिवाय तोंडातून शब्द नाही. घर तुर्भ्याच्या कामगार वस्तीत, आईवडील मराठवाड्यातून आलेले. अक्षर म्हणाल तर आमच्या शाळेत तसं दुसरं नव्हतं आणि वाचायला उभी राहिली की मागच्या भिंतीपर्यंत शब्द पोचायचा. मी तिच्यावर खूष होते. आता वाटतं, मी तिच्या अक्षरावर आणि आवाजावर खूष होते. तिची माझी ओळख त्यापुढे गेलेली नव्हती.

तो कागद माझ्याकडे अजून आहे. तिने लिहिलं होतं ते असं:

'मला हा सिनेमा आवडला नाही. चित्रे छान होती. यंत्रमानवाने हात काढून दिला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. माझ्या बाबांच्या उजव्या हाताची तीन बोटे कंपनीत प्रेस मशीनमध्ये गेली. तेव्हा बाबा हसले नव्हते. आता त्यांना शर्टाचे बटण लावता येत नाही. आई लावते. बसमध्ये ते हात खिशात ठेवतात. यंत्रमानव एका हाताने मनोऱ्यावर कसा चढणार हे दाखवायला पाहिजे होते. दिवा विझला तर त्याला कोण विचारणार? तो मुलगा गेला तेव्हा त्याने, आता तू कसे करशील, असे एकदापण विचारले नाही. मला त्या मुलाचा राग आला. यंत्रमानवाचे पुढे काय झाले याचा सिनेमा काढावा.'

इथे कागद संपतो. चौथा मुद्दा नाहीच.

मी हा कागद घाईत वाचला, माझं लक्ष नव्हतं, असं सांगायला मला फार आवडलं असतं. ती सोय मी स्वतःच बंद करून ठेवली आहे. बाबांच्या बोटांपासून खिशापर्यंतच्या सगळ्या ओळींखाली माझ्या हातची लाल रेघ आहे, पट्टी लावून मारलेली. समासात माझं शेरेबाज अक्षर: 'विषयांतर. घरगुती तपशील नकोत.' आणि शेवटी, 'सूर नकारात्मक. बोध कुठे आहे?' म्हणजे मी तीन बोटं वाचली, बटण वाचलं, खिसा वाचला आणि पट्टी शोधायला उठले. आजही तो कागद काढला की माझे कान गरम होतात.

एरवी मी तो बाजूला ठेवून दिला असता. पण मोठ्या बाईंनी ठरवलं होतं, की या मतांचं एक हस्तलिखित करायचं, बाहेरच्या पुठ्ठ्यावर यंत्रमानवाचं चित्र काढायचं आणि शनिवारच्या पालकसभेत त्यातलं एक मत व्यासपीठावरून वाचून घ्यायचं. वाचायला कोण, हा प्रश्नच नव्हता. अक्षरही तिचं आणि आवाजही तिचाच. फक्त मत तिचं चालणार नव्हतं.

मधल्या सुट्टीत तिला शिक्षकखोलीत बोलावलं. ती दाराशी चपला काढून आत आली. तशी काही गरज नव्हती, पण ती काढायची.

"अक्षर एवढं सुंदर, आणि लिहिलंयस काय हे?"

मी कागद तिच्यापुढे सरकवला.

"मुद्दे फळ्यावर होते ना?"

"हो बाई."

"मग बोध कुठाय?"

"मला नाही सापडला, बाई."

मला हसू फुटलं. शेजारी डबा खात बसलेल्या बाईंना मी ऐकवलंसुद्धा, "हिला बोध सापडत नाही म्हणे." त्याही हसल्या. ती उभीच होती, कागदाकडे बघत.

"आणि हे बाबांचं कशाला आणलंस मध्ये? आपण सिनेमाबद्दल लिहितोय ना?"

"मला तेव्हा तेच आठवलं, बाई."

"आठवतं पुष्कळ. आठवलेलं सगळं लिहायचं नसतं. पालक येणारेत, पाहुणे येणारेत. चांगलं काहीतरी ऐकवायला नको? बस इथे. मी सांगते, तू लिही."

आणि मी सांगत गेले. 'मला हा चित्रपट अतिशय आवडला.' तिने लिहिलं. 'त्यातील यंत्रमानवाचा त्याग मनाला भिडतो.' लिहिलं. 'दुसऱ्याच्या सुखासाठी यंत्रमानवाने हसत हसत आपला हात दिला. आपणही आयुष्यात असेच हसत हसत द्यायला शिकले पाहिजे.' इथे तिचं पेन थांबलं.

"मला तसं नाही वाटलं, बाई," ती म्हणाली. उद्धटपणे नाही. वर्गात पेन्सिल हरवली की सांगतात, तशा आवाजात.

"वाटेल," मी म्हणाले. "एकदा लिहिलं की वाटतं."

तिने लिहिलं. एकही खाडाखोड नाही. मी तिची पाठ थोपटली आणि घंटा झाली.

त्या आठवड्यात हस्तलिखित तयार झालं. चित्रकलेच्या सरांनी पुठ्ठ्यावर यंत्रमानव काढला, चंदेरी कागद चिकटवून. तिचं पान मी पहिलंच लावलं. मोठ्या बाईंनी ते वाचून मला विचारलं, "सातवीतली मुलगी एवढं प्रगल्भ लिहिते?" मी म्हणाले, "थोडी सुधारणा केलीय." थोडी!

शनिवारी दुपारी पालकसभा भरली. दोन वर्गांमधली घडीची भिंत सरकवली की आमचा हॉल व्हायचा. पालक मुलांच्याच बाकांवर कसेबसे मावले होते. बायका बऱ्याच होत्या, पुरुष थोडे. मार्केट आणि कंपन्या काही शनिवारी दुपारी बंद नसतात. ती व्यासपीठावर जाण्याआधी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, बाबा आलेत." मी विचारलं, "अरे वा, कुठायत?" तिने शेवटच्या बाकाकडे पाहिलं. तिथे एक उंच, वाळका माणूस बसला होता. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत सगळी बटणं नीट लावलेली. उजवा हात पँटच्या खिशात.

ती बटणं पाहून मला काही आठवायला हवं होतं. काही आठवलं नाही. मी तिला म्हणाले, "मग तर झकासच वाच."

ती वाचायला लागली. आवाज खणखणीत. आवडला, भिडतो, सगळं व्यवस्थित चाललं होतं. 'दुसऱ्याच्या सुखासाठी यंत्रमानवाने,' असं वाचून ती थांबली.

हॉल वाट बघत होता. ती कागदाकडे बघत नव्हती, समोर बघत होती, शेवटच्या बाकाकडे. मला वाटलं, पोरगी घाबरली. कागद हातात असताना कुणी शब्द विसरत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मी बाजूने हळू आवाजात सांगितलं, "हसत हसत." मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, "हसत हसत आपला हात दिला."

"हसत हसत आपला हात दिला," ती म्हणाली आणि मान खाली घालून उरलेलं एका दमात वाचून टाकलं.

टाळ्या पडल्या. सगळ्यांबरोबर शेवटच्या बाकावरच्या माणसानेही खिशातून हात काढला आणि टाळ्या वाजवल्या. अंगठा होता, करंगळी होती, आणि मधे काही नव्हतं. तेव्हा मला तो कागद आठवला. सगळा आठवला, लाल रेघांसकट. टाळ्या वाजवायला उचललेले माझे हात तसेच राहिले आणि पुढची दहा मिनिटं मोठ्या बाई काय बोलल्या, ते मला सांगता येणार नाही.

सभा संपल्यावर लोक चहाकडे वळले. मी हस्तलिखित आवरायच्या निमित्ताने टेबलाशीच रेंगाळले, खरं तर लपूनच राहिले होते. ते तिथेच आले. हात पुन्हा खिशात गेला होता. डाव्या हाताने नमस्कार केल्यासारखं करून म्हणाले, "मी हिचा बाप, बाई."

"हो हो, बसा ना," मी म्हणाले. बसायला तिथे काहीच नव्हतं.

"लई चांगलं वाचलं बगा पोरीनं. सबूद कसा मोकळा." मग जरा थांबून म्हणाले, "घरी येगळं लिवलं व्हतं तिनं. मला वाचून दावलं व्हतं. ह्या हाताचं लिवलं व्हतं. बटनाचं बी लिवलं व्हतं." ते किंचित हसले. "मला वाटलं, तेच वाचनार. म्हून आर्धा दिस सुट्टी टाकली."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "पानावर जागा कमी पडली हो."

एका फुलस्केप पानाच्या जागेबद्दल मी त्या माणसाशी खोटं बोलले. तिने लिहिलेलं पान आणि मी लिहवून घेतलेलं पान, दोन्हींची लांबी सारखीच होती. यापेक्षा मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं.

"व्हय, आसंल की," ते म्हणाले. "न्हाई, मला काय वाटलं, सांगू का बाई? बोटं गेल्यापासून कंपनीतल्या कुनी इचारलं न्हाई, की बाबा, आता तू कसं करतूस. सायबानं न्हाई, युनियनवाल्यानं न्हाई. नात्यातले येतात, ते म्हनतात, नशीब म्हना, हात वाचला. पोरीनं वाचून दावलं तवा मी हिच्या आईला म्हनलं, कुनीतरी लिवलं बग."

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही, पण त्यांचा आवाज एकदम उतरला. लहान मुलाला समजावतात तसे ते मला समजावू लागले.

"न्हाई न्हाई, तुमी काढलं ते बराबर हाय. चार मान्सांत आपलं रडगानं कशाला? तुमी शिकल्याली मान्सं, तुमाला कळतंय काय ठिवायचं, काय काढायचं. मी तिला घरी सांगतो, बाई सांगतेत तेच खरं. तुमी टेन्शन नका घेऊ."

ते गेले. जाताना त्यांनी तिचं दप्तर डाव्या खांद्याला अडकवलं आणि ती त्यांच्या उजव्या बाजूने चालू लागली, खिशाच्या बाजूने. मी खिडकीतून बघत होते. मला हाक मारता आली असती. रस्ता ओलांडेपर्यंत ती दोघं दिसत होती.

त्या रात्री मी गठ्ठ्यातून तो कागद शोधून काढला आणि पहिल्यांदा नीट वाचला. पंचेचाळीस जणांनी, मोठ्या बाईंनी आणि मी जो सिनेमा पाहिला होता, त्यात एक माणूस मागे राहिला होता, आणि तो फक्त एका मुलीला दिसला होता. 'आता तू कसे करशील, असे एकदापण विचारले नाही.' मीही विचारलं नव्हतं. वर तिनेही विचारू नये, अशी व्यवस्था केली होती. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. आणि लाजेतही मी काय केलं? डोक्यात मुद्दे काढले. एक, तिची माफी मागायची. दोन, हस्तलिखितातलं पान बदलायचं. तीन, वडिलांना पुन्हा बोलवायचं.

सोमवारी सकाळी प्रार्थना सुटताच मी तिला गाठलं. "तुझं पहिलं लिहिलेलं आहे ना, तेच आपण हस्तलिखितात लावू," मी म्हणाले. "माझी चूक झाली. तुझंच चांगलं होतं."

मला वाटलं, तिचा चेहरा फुलेल. ती जरा मागे सरकली.

"नको बाई."

"अगं, का? मी मोठ्या बाईंना सांगते."

"बाबा म्हणाले, हेच बरोबर आहे. बाबा म्हणाले, आम्हाला कळत नाही, बाईंना कळतं." मग तिने विचारलं, "बाई, मी शनिवारी मध्येच थांबले म्हणून तुम्ही रागावलात का?"

मी नाही म्हणाले. दोन-तीनदा म्हणाले. तिने मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. घंटा झाली आणि ती वर्गात गेली. वडिलांना निरोप धाडायचं धैर्य मला झालं नाही. बोलावून काय सांगणार होते? तुम्ही मला दिलेली माफी परत घ्या, असं?

पंधरा-वीस दिवस गेले. मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं, की आता मुद्दे बंद. एका दुपारी वर्गात गेले आणि फळ्यावर नुसता विषय लिहिला, 'स्नेहसंमेलनात नाटक हवे की नाच? माझे मत.' बाकी फळा काळाच ठेवला. म्हणाले, "आज मुद्दे नाहीत. तुम्हाला जे वाटतं ते लिहा. घरचं आठवलं तर घरचं लिहा. बोध नको." वर्गात गोंधळ उडाला. पहिल्या बाकावरच्याने विचारलं, "बाई, मग मार्क कशाला?" तळवलीच्या मुलाने मात्र तेवढ्यात पेन उचललं होतं. हळूहळू बाकीचेही लिहू लागले, एकमेकांच्या कागदात डोकावत, हसत.

ती लिहीत नव्हती. समोर कोरा फुलस्केप, त्याला नेहमीसारखा समास आखलेला, पेन हातात. मी मुद्दाम तिकडे गेले नाही. म्हटलं, घाई नको करायला, वेळ लागेल. मी खुर्चीवर बसून हजेरीपट चाळत राहिले आणि मधूनमधून चोरून बघत राहिले. अर्धा तास झाला. मग ती उठली आणि कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली. बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून जवळ येऊन, अगदी आदराने, मदत मागावी तशी म्हणाली,

"बाई, मला काय वाटतं ते सांगा ना. मी लगेच लिहून देते."